कडूबा भाऊजींची चर्चमधली केस

संध्याकाळी देवापुढं दिवा लावून झाला की मी वहीत चार ओळी लिहिते. त्या उजेडात कुणाचं वाईट लिहायचं नाही, असा माझा नेम आहे. आमच्या मोठ्या दिरांपुरता, म्हणजे कडूबा भाऊजींपुरता, तो नेम मी मोडते आहे. रेणुकाई मला समजून घेईल. शेवटी प्रश्न तिचाच होता.

केदारखेड्यात भाऊजींना ओळखत नाही असा माणूस नाही, आणि त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकतो असाही माणूस आता उरलेला नाही. साठीला आलेत. पांढरी पँट, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्या पेनांनी त्यांनी कधी काही लिहिल्याचं मी पाहिलं नाही. शेत दोघा भावांचं, पण निंदणी-खुरपणी आम्ही नवराबायकोनं करायची आणि भाऊजींनी स्टँडवरच्या हॉटेलात बाकड्यावर बसून कापसाच्या भावावर बोलायचं. कुणाची सोयरीक मोडो, कुणाची विहीर खचो, भाऊजी म्हणणार, "मी तिथंच होतो ना!" जिथं खरंच असायला पाहिजे तिथं मात्र ते कधी नसतात. सासरे वारले तेव्हाही ते हॉटेलात होते आणि सासऱ्यांची तब्येत कशी सुधारते आहे हे लोकांना सांगत होते.

आमचं मूळचं मेंढरं राखणारं घराणं. आता मेंढरं गेली, शेती राहिली, पण देव तेच. देवघरात चांदीच्या पत्र्यावर उठवलेले तीन टाक होते. एक पिंपळगावची रेणुका, दुसरा बिरोबा, आणि तिसरा सासऱ्यांच्या आजोबांचा, जे मेंढरांच्या वाड्यात लांडग्याशी झुंजताना गेले. घरात लग्न निघालं की हे टाक सोनाराकडून उजळून आणायचे, पिंपळगावला नेऊन रेणुकाईच्या पायाला लावायचे, आणि मगच दारात मांडव घालायचा. टाक नेण्याआणण्याचा मान थोरल्या मुलाचा.

नणंदेच्या लग्नाच्या वेळी हा मान कडूबा भाऊजींकडे आला. लाल फडक्यात टाक बांधून ते सकाळच्या बसनं जालन्याला सोनाराकडं गेले आणि संध्याकाळी रिकाम्या हातानं परत आले. तेव्हा त्यांनी जी गोष्ट सांगितली ती मी पुढं इतक्यांदा ऐकली आहे की झोपेतही म्हणून दाखवीन. वाटेत पोटात कळ आली. चर्चच्या दवाखान्याजवळ उतरलो. तिथं सुई दिली, डोळा लागला. उठून बघतो तर गाठोडं गायब. मागायला गेलो तर चर्चची माणसं म्हणाली, तुमचे देव आता आमच्याकडंच राहतील.

त्या लग्नात टाकांच्या जागी तीन सुपाऱ्या मांडल्या. भाऊजींनी सगळ्यांना सांगितलं की त्यांनी केस टाकली आहे.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे तुळजाबाईंनी, मला देवघरापुढं बसवलं आणि म्हणाल्या, "सुपाऱ्यांना हात जोड बाई. देव कोर्टात हायेत."

मी नवी होते. जोडले.

पुढं कधीतरी मी विचारलं, नवे टाक का घडवत नाही? त्यावर सासूबाई माझ्याकडं अशा बघायला लागल्या जणू मी काही अभद्रच बोलले होते. "माणूस जित्ता असताना त्याचं तेरावं घालतं का कुणी? जुने देव कुठंतरी हायेत. ते असताना दुसरे घडवले तर त्यांना काय वाटंल?" आमच्यात हे असंच आहे. टाक हरवले, मोडले, नदीत सोडले, तर नवे घडवता येतात. पण ते कुठंतरी सुखरूप आहेत असं माहीत असेल तर घडवता येत नाहीत. भाऊजींना हे आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी दर वर्षी नवरात्रात आईनं विचारलं की ते म्हणायचे, "तारीख पडली." आणि पुरणपोळीवर तूप वाढून घ्यायचे.

यंदा माझ्या छकुलीचं लग्न ठरलं. सासूबाईंच्या डोळ्यांना आता कमी दिसतं, पाय सुजतात. त्यांचं एकच म्हणणं होतं की नातीच्या लग्नात तरी सुपारी नको, देव पाहिजेत. हे त्या रोज म्हणायच्या, जेवायला बसताना म्हणायच्या, शेवटी शेवटी तर जेवायचंच सोडून म्हणायला लागल्या.

तशात एक दिवस छकुली मोबाइल घेऊन पळत आली. कुण्या फिरस्त्या पोरीनं व्हिडिओ केला होता. जालन्याच्या अलीकडच्या त्या जुन्या चर्चमध्ये आता लहानसं संग्रहालय झालं आहे, रविवारी प्रार्थना झाली की लोकांना बघायला उघडतात. व्हिडिओत घंटा होती, बाकडी होती, आणि एका काचेच्या कपाटात चांदीचे टाक होते.

सासूबाईंनी मोबाइल नाकाला टेकवून पाहिला. भाऊजी ओट्यावर बसले होते. त्यांना दाखवला तेव्हा पहिल्यांदा त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. मग हळूहळू त्यात हवा भरली.

"बघा!" ते उठून उभेच राहिले. "तीस साल बोंबलून राह्यलो ना मी? कुणाचा भरोसा होता? आता बघा!"

आपलंच बोलणं खरं निघालं याचं एखाद्याला इतकं नवल वाटलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं.

रविवारी गावातल्या अंगदची इको गाडी केली. पुढं सासूबाई, मधे मी आणि छकुली, मागं भाऊजी. आमचे हे, म्हणजे रामकिसन, कांद्याला पाणी होतं म्हणून राहिले. राजूरला गणपतीच्या पायऱ्यांपाशी मी गाडीतूनच हात जोडले. भाऊजींनी गाडी थांबू दिली नाही. "जल्दी चला, त्यांनी कपाट हलवलं तर?"

चर्च लहानच निघालं. काळ्या दगडाचं, वर कौलं, अंगणात चार लिंबाची झाडं. राखणीला संध्याबाई म्हणून एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या, फिकट निळं पातळ नेसलेल्या. आम्ही पायरीशी चपला काढल्या तर म्हणाल्या, "राहू द्या आजी, इथं चालतात चपला."

"तुमचं चालत असंल," सासूबाई म्हणाल्या. "मला देवाच्या दारात न्हाई चालत."

आत गार होतं. लाकडी बाकडी ओळीनं, समोर साधा लाकडी क्रूस, त्याच्या पायाशी जास्वंदीची फुलं. मी डोळे मिटून हात जोडले. देवाचं घर कुणाचंही असो, तिथं आपण पाहुणे. पण ही गोष्ट सगळ्यांना कळते असं नाही. पुण्याकडचे तीनचार पर्यटक आधीच आलेले होते. त्यातली एक बाई, पाळक जिथून उपदेश करतात त्या उंच ओट्यावर चढून, हात पसरून फोटो काढून घेत होती. संध्याबाईंनी दोनदा खाली यायला सांगितलं. ती म्हणाली, "एकच, एकच." मग अजून सहा काढले.

असे श्रोते सापडल्यावर भाऊजी कसले थांबतात? आम्ही आतल्या खोलीच्या किल्लीची वाट बघत होतो, तेवढ्यात ते त्या पर्यटकांचे वाटाडे झाले.

"ही घंटा हाय ना, ही लंडनहून आली. मुंबईपासून हत्तीवर."

"हत्तीवर?" एका गृहस्थांनी विचारलं. "तुम्ही इथलेच का?"

"मी इथली केस लढून राह्यलोय," भाऊजी म्हणाले.

छकुलीनं लाजेनं तोंडाला ओढणी लावली. अंगदला मात्र मजा येत होती. तो माझ्या कानाशी म्हणाला, "काकू, हत्तीला राजूरला चहा पाजला का, ते इचारू का?"

संग्रहालय म्हणजे बाजूची एक खोली. पायानं भाता मारून वाजवायची जुनी पेटी, दुष्काळात सांभाळलेल्या मुलांचा एक फोटो, त्यात सगळ्यांची डोकी भादरलेली; दवाखान्यातल्या काचेच्या जाड सुया, पाट्या, मुलींच्या वसतिगृहातलं जातं. मला त्या फोटोपाशी थांबावंसं वाटत होतं. पण सासूबाई माझा हात धरून कपाटाकडं ओढत होत्या. निळ्या मखमलीवर तीन टाक होते. शेजारी चिठ्ठी होती, 'जुने घरदेव'.

 काचेला तोंड लावून सासूबाई नुसत्या "आई, आई" म्हणत होत्या.

भाऊजींनी पर्यटकांकडं तोंड केलं. "हे आमचे देव. आमच्या घरातून गेलेले. माझ्या आईनं तीस साल सुपारी पुजली. आज मी हे घेऊन जाणार. कोण आडवं येतं ते बघतो!"

कुणीच आडवं आलेलं नव्हतं. मघाशी ओट्यावर चढलेली ती बाई आता मोबाइल काढून चित्रण करत होती.

संध्याबाई शांत होत्या. त्यांनी पाळकसाहेबांना फोन लावला, बाजूला जाऊन बोलल्या, आणि परत आल्या. "साहेब म्हणतात, आजींनी हातात घेऊन बघावं. आजी आपले म्हणाल्या तर घेऊन जावेत. कुणाच्या घरचं आम्हाला ठेवून घ्यायचं नाही."

झालं. निकाल एका म्हातारीच्या तोंडी आला. भाऊजींना भांडण पाहिजे होतं, भांडण मिळालं नाही. ते आईच्या कानाशी वाकले. हळू बोलण्याची सवय नसल्यामुळे मला, छकुलीला आणि पुण्याच्या पाहुण्यांना सगळं ऐकू आलं. "आई, हो म्हण. झिजले म्हणून वळखू येत न्हाईत. बिलकुल आपलेच हायेत. हो म्हणून टाक."

सासूबाईंनी हातावर पाणी मागितलं. पदर डोक्यावरून पुढं घेतला. संध्याबाईंनी कपाट उघडलं. एकेक टाक घेऊन सासूबाई खिडकीपाशी गेल्या आणि अंगठ्यानं हळूहळू चाचपू लागल्या.  'हो' म्हटलं की छकुलीच्या लग्नात देव, 'नाही' म्हटलं की सुपारी. आणि त्या 'हो' म्हणाल्या असत्या तर त्यांना खोटं कोण म्हणणार होतं?

"हा घोड्यावरला," त्या म्हणाल्या. "आपल्यात घोड्यावरला देव न्हाई. हा बी न्हाई आपला. अन् ही रेणुका न्हाई." तिन्ही टाक त्यांनी कपाळाला लावले आणि होते तसे मखमलीवर ठेवले. "कुणाचे हायेत हे?"

"आमच्याच पणजोबांचे," संध्याबाई म्हणाल्या. "ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांनी पाळकांच्या हाती दिले. पाळकांनी नीट ठेवले."

"पुसता का?"

"शनिवारी झाडलोट करते तेव्हा पुसते."

"बरं करती, बाई."

इथं तरी गप्प बसावं ना? पण नाही. भाऊजी म्हणाले, "मंग आमचे यांनी मागं लपवले! मागच्या खोलीत असतील!"

संध्याबाईंनी मागच्या खोलीचं दार सताड उघडलं. आत मोडकी बाकडी, बादल्या, नाताळाची कागदी चांदणी, सतरंज्या. "या दादा, बघा."

भाऊजी जागचे हलले नाहीत. "मी काय झडती घ्यायला आलो न्हाई," ते म्हणाले.

चित्रण करणाऱ्या बाईनं हसू दाबत विचारलं, "काका, हा व्हिडिओ टाकू का?"

"टाका की. पण नाव बराबर टाका."

परतीच्या वाटेवर राजूरच्या अलीकडं सासूबाईंनी अंगदला गाडी सावलीला घ्यायला लावली. मागं वळल्या. त्यांना भाऊजींचा चेहरा दिसत नसणार, पण त्या त्यांच्याकडंच बघत होत्या.

"कडूबा, मी तुला मारणार न्हाई का शिव्या देणार न्हाई. देव हायेत का गेले, एवढं सांग. गेले म्हणला तर उद्या सोनाराला चांदी देते. हायेत म्हणला तर पोरीचं लगीन पुन्हा सुपारीवर. तू म्हणशील तसं. एक शब्द सांग."

इतकं सोपं. लेकराला पाणी माग म्हणावं इतकं सोपं. भाऊजींनी आधी खाकरून घेतलं. मग म्हणाले, केसचा कागद वकिलाकडं होता, तो वकील मेला. अंगद म्हणाला, "कोणता वकील, काका?" भाऊजी म्हणाले, तू गाडी चालव. अंगद म्हणाला, गाडी तर उभी हाय. मग भाऊजींनी दवाखान्याचं काढलं, मग सुईचं, मग त्या दिवशी ऊन किती होतं ते.  गाडीत गरम होत होतं. शेवटी ते खिडकीबाहेर बघत म्हणाले,

"मंग बसमध्येच राह्यले असतील."

"कोणत्या बसमध्ये?"

"त्या दिवशीच्या. शेजारी एक माणूस भेटला होता, त्याच्याशी गप्पा रंगल्या. बोलता बोलता उतरलो. बस गेली निघून. आता माणूस बोलतो का न्हाई? त्यात माझा काय दोष?"

इतकी वर्षं मी मनात धरलं होतं की यांनी देव विकले असतील, दारूत घातले असतील, पत्त्यांत हरले असतील. तसं असतं तर मी देवापुढं त्यांच्यासाठी काहीतरी मागितलं असतं. पापी माणसासाठी मागता येतं. पण हा माणूस नुसता बडबड करत बसमधून उतरला होता, एवढंच. 'विसरलो' एवढं म्हणायला जीभ वळली नाही, म्हणून यानं एका चर्चच्या माणसांना चोर केलं, आईला सुपारीपुढं बसवलं, आणि आजही म्हणताना काय म्हणाला, तर देव 'राह्यले'. जसे काही देवच सीटवरून उठायला तयार नव्हते!

सासूबाई रडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "अंगद, गाडी फिरव."

आम्ही परत चर्चच्या अंगणात गेलो. संध्याबाई कुलूप घालत होत्या. सासूबाई म्हणाल्या, "कडूबा, उतर. त्या बाईला सांग, तीस साल तुमचं नाव घेऊन खोटं बोललो."

"मी का सांगू?" भाऊजी म्हणाले. "त्यांचं काय बिघडलं त्यानं? त्यांना तर ठाऊक बी नव्हतं!"



ते उतरलेच नाहीत. सासूबाई माझा हात धरून लिंबाखालून चालत गेल्या. पुन्हा पायरीशी चपला काढल्या. संध्याबाईंपुढं हात जोडून म्हणाल्या, "बाई, आमच्या घरात आम्ही तुम्हाला चोर म्हणत होतो. मी बी म्हणले. माझ्या लेकाकडून देव बसमध्ये हरवले, अन् नाव तुमचं झालं. माफी द्या."

संध्याबाईंनी कुलपाची किल्ली पायरीवर ठेवली. मग त्यांनी सासूबाईंचे जोडलेले हात खाली घेतले आणि म्हणाल्या, "उन्हातून परत आलात आजी. चहा ठेवते."

ओसरीवर बसून आम्ही चहा घेतला. छकुली एक कप गाडीकडं घेऊन गेली. भाऊजींनी तो घेतला. साखर कमी आहे म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी सोनाराला चांदी दिली आणि घरात सगळ्यांसमोर एक गोष्ट सांगितली. "कडूबा त्या चर्चच्या बाईची माफी मागून आला तर टाकांचं तबक त्याचं. न्हाई तर रामकिसनचं." लग्नाला अवकाश होता. जालन्याला जायला रोज गाड्या आहेत. या दिवसांत भाऊजी जालन्याला गेलेही, दोनदा तरी, एकदा दात दाखवायला आणि एकदा कुणाच्या तरी सत्काराला. चर्च वाटेवरच आहे.

टाक पिंपळगावला न्यायच्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसले. गुलाबी फेटा, अत्तर, दोन पेनं. सासूबाई तबक घेऊन बाहेर आल्या. भाऊजींनी हात पुढं केले. सासूबाईंनी विचारलं, "जाऊन आला का?"

"आता हे बोलायची येळ हाय का, आई?"

सासूबाई त्यांच्या समोरून पुढं गेल्या आणि तबक आमच्या ह्यांच्या हातात दिलं.  बँडवाल्यानं तेवढ्यात वाजवायला सुरुवात केली, ते बरंच झालं. मी नव्या रेणुकाईला पहिल्यांदा उजेडात पाहिलं आणि माझे डोळे भरून आले. भाऊजी मिरवणुकीच्या पुढं जाऊन उभे राहिले आणि वाटेत भेटेल त्याला सांगत गेले, "धाकट्याला मान दिला. मोठ्यानं मन मोठं ठेवावं."

मला वाटलं, एवढ्यावर भागलं. लग्नाच्या पंगतीत मी व्याह्यांना वाढत होते. त्यांनी सहज विचारलं की टाक अगदी नवे दिसतात, जुने कुठं आहेत? मी वाढायची थांबले. सासूबाई पलीकडं बसल्या होत्या, त्यांनीही मान वर केली. पण उत्तर द्यायला भाऊजी आधीच तयार होते. पापड मोडत ते म्हणाले, "जुने आपण संग्रहालयाला देऊन टाकले. चर्चमध्ये काचेच्या कपाटात ठेवलेत. पुण्याचे लोक येतात बघायला."

"असं? मंग आम्ही बी बघून येऊ की एखाद्या रविवारी," व्याही म्हणाले.

"जा ना," भाऊजी म्हणाले. "तिथं संध्याबाई म्हणून हायेत. माझं नाव सांगा."